खिडक्या असलेला सिलिंडर

चाळीस वर्षं मी इंजिनांचे सिलिंडर बोअर केले, म्हणजे झिजलेली आतली भिंत किंचित कापून पुन्हा गोल केली. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, एकदा तर बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर. माझं माप मिलिमीटरच्या हजाराव्या भागानेही चुकत नाही, म्हणून लोक मला मायक्रॉन म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला आजही बरं वाटतं. त्यामुळे सुनेने तिच्या डर्ट बाइकचा झिजलेला सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा मी चष्मा लावायच्या आधीच म्हणालो, "हा तर पोरखेळ आहे."

सून दवाखान्यात एक्स-रे काढते आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात उड्या मारते. रविवारी हंगामातली शेवटची शर्यत होती. पहिल्या तिघांत आली, तर तिला वरच्या गटात जागा मिळणार होती. सलग तीन वर्षं ती चौथी येत होती. चौथ्याइतकं वाईट काही नसतं. शेवटच्याची निदान लोक विचारपूस तरी करतात.

"शोरूमवाल्याने हातातसुद्धा घेतला नाही," ती म्हणाली. "म्हणे भंगार आहे, मॉडेल बंद झालंय, नवीन गाडी घ्या. बाबा, होईल ना?"

"होईल ना, हे तू कोणाला विचारतेस?"

मी माप घेतलं, पहिल्या वाढीव साइजचा पिस्टन मागवला आणि बोअर केला. दगड फिरवून होनिंग झाल्यावर आतली भिंत इतकी सुरेख दिसत होती की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवली. "छान आहे," ती आत न पाहताच म्हणाली.

बुधवारी दुपारी अंगणात गाडी पहिल्या किकला सुरू झाली. माझी छाती फुगली. दहाव्या मिनिटाला आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि इंजिन गप्प झालं.

मग मी सगळ्यांचा उद्धार केला. पिस्टनवाल्याचा, पेट्रोलवाल्याचा आणि सांगायला लाज वाटते, पण सुनेचासुद्धा. "पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं असशील," मी म्हणालो. तिने कॅनवरची खूण दाखवली. थेंबभरही इकडेतिकडे नव्हतं. मग तिने इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगचे दोन तुकडे झाले होते आणि माझ्या सुरेख भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओरखडा होता.

तिने आत बोट घातलं. "बाबा, ही कड बघा. नख अडकतंय."

मी बोट घातलं. माझंही नख अडकलं. ट्रकच्या सिलिंडरची भिंत सलग असते. हिच्या गाडीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या भिंतीला खिडक्या असतात, पेट्रोलची वाफ आत यायला आणि धूर बाहेर जायला. बोअर केलं की त्या खिडक्यांच्या कडा सुरीसारख्या होतात आणि जाता-येता रिंग त्यांत अडकते. म्हणून त्या घासून गोल कराव्या लागतात. हे मी ऐकलेलं होतं, पण कधी केलेलं नव्हतं. आणि मायक्रॉनने कोणाला विचारायचं कसं?

"चूक माझी आहे," मी म्हणालो. चार शब्दही नाहीत, पण फार जड गेले.

"मग दुरुस्त करा," ती म्हणाली. "अजून एक साइज मिळते. शेवटची."

त्यापुढे भिंत कापायला जागाच उरत नव्हती. हाही बिघडला, तर शोरूमवाला खरा ठरणार होता.

शुक्रवारी तिने रजा टाकली. मी बोअर केला, या वेळी फुशारकी न मारता. कडा घासायची वेळ आली तेव्हा माझी जाडी बोटं खिडकीपर्यंत पोचेनात. तिची पोचली. ती बारीक दगडाने घासत होती, मी टॉर्च धरून सूचना देत होतो आणि पाचव्या सूचनेनंतर ती म्हणाली, "बाबा, नुसता टॉर्च धरा."

झालं की नाही, हे कळायचं कसं? माझ्या नखावर माझाच विश्वास उरला नव्हता. दारात उभी असलेली बायको म्हणाली, "माझा नायलॉनचा पायमोजा जिथेतिथे अडकतो. खुर्चीलासुद्धा. तो ओढून बघा की आतून."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पायमोजा आणला, सिलिंडरमधून ओढला. तिसऱ्या खिडकीशी धागा अडकला. घासलं, पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. पायमोज्याची पार चाळणी झाली, तेव्हा जोडीतला दुसरा घेतला. संध्याकाळ व्हायच्या आत तो एका दमात या टोकाकडून त्या टोकाला गेला, एकही धागा न निघता. सुनेने टाळी वाजवली. माझा जीव भांड्यात पडला नाही, कारण शर्यत अजून व्हायची होती.

शनिवारी तीनदा इंजिन गरम केलं, तीनदा थंड होऊ दिलं. काही तुटलं नाही.

रविवारी ती पाचव्या नंबरवर सुटली. मी कडेची दोरी धरून उभा होतो आणि गाडी बघत नव्हतो, ऐकत होतो. प्रत्येक फेरीला तो कर्कश, सरळ, निरोगी आवाज जवळ यायचा आणि मला श्वास घेता यायचा. शेवटच्या फेरीला ती चौथी होती. पुन्हा चौथी! समोर उभा चढ होता, जिथे झिजल्या इंजिनाने ती नेहमी मागे पडायची. तिने अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली. इंजिन किंचाळलं आणि दमलं नाही. चढावर तिने एकाला मागे टाकलं, उतरताना दुसऱ्याला, आणि दुसरी आली. मी ओरडलो की रडलो, ते बायकोला विचारा.

शोरूमवाला लगबगीने आला. "कोणी केला हा सिलिंडर?"

"आमच्या बाबांनी," सून चिखलाने माखलेल्या तोंडाने म्हणाली. "मायक्रॉन म्हणतात त्यांना."

बुधवारबद्दल तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. गप्प बसलो असतो, तर खपून गेलं असतं.

"पहिल्यांदा मी बिघडवला होता," मी चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो. "कडा घासायच्या राहिल्या होत्या. त्या हिने घासल्या, म्हणून चालला."

सुनेने चिखलासकट मला मिठी मारली. माझा एकुलता एक पांढरा शर्ट वाया गेला.

शोरूमवाला घुटमळला. "आमच्याकडे असेच तीन पडलेत. कराल का?"

"करू," मी म्हणालो. "आम्ही दोघं मिळून करू."

"पण पायमोजे तुमचे तुम्ही आणा," बायको म्हणाली.