दाताखालचं हाड

थोरलीनं अलीकडे भलतीच थेरं सुरू केली होती. शिवताना दोरा दातानं तोडायचा सोडून कात्री शोधत बसायची, हसताना तोंडावर हात धरायची आणि जेवताना घास एकाच गालात घोळवत राहायची. तिच्या आईला हे बघवत नव्हतं. म्हातारीनं नवऱ्यामागं हे शिवणाचं दुकान एकटीनं ओढलं होतं, आणि बहात्तराव्या वर्षीही तिची बत्तीशी शाबूत होती.

“वय बावन्न, नखरे सोळाचे,” ती गिऱ्हाइकांदेखत म्हणाली. “आमच्याकडं दात माणसाबरोबरच जातात, आधी नाही.”

थोरलीनं दोरा दातात धरून हिसका दिला. दोरा तुटला नाही; दातच पुढं आला, आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावर रक्ताचा थेंब पडला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं आणि विचारलं, “पाळी कधी गेली?”

“दाताचं बघा,” म्हातारी फटकन म्हणाली. “भलत्या चौकशा कशाला?”

“दाताचीच चौकशी आहे, आजी. पाळी गेली की बाईची हाडं विरळ होत जातात. दात ज्यात रोवलाय ते जबड्याचं हाडसुद्धा. त्यात हिरड्यांना रोग लागला की दोन्हीकडून पोखरलं जातं.”

“त्रेचाळीसला गेली,” थोरली म्हणाली.

तेव्हा आपण काय म्हणालो होतो, ते म्हातारीला आठवलं. सुटलीस बाई, म्हणालो होतो.

“हाड कधी मोडलं?”

“गेल्या साली, मनगट. बादली उचलताना.”

“हिरड्यांतून रक्त?”

“दोन वर्षं झाली.”

“आणि ब्रश?”

थोरलीनं आईकडं पाहिलंच नाही. “रक्त येतं तिथं लावत नाही. उसवणाऱ्या शिवणीला बोट लावलं की आणखी उसवते, असं ऐकलं होतं.”

कुणाकडून, ते तिनं सांगितलं नाही. म्हातारीला तेच जास्त लागलं. दुकानात असल्या उपमा देणारं दुसरं होतं कोण?

पुढचे चार दात काढावे लागणार होते. हिरड्या साफ केल्या, औषध घेतलं, हाडांची तपासणी झाली, तर बाकीचे कदाचित टिकतील, असं बाई म्हणाल्या. कदाचित.

दात निघाल्यावर थोरली बाहेरच्या बाकावर बसली. गालात कापूस. चेहरा आईहून म्हातारा दिसत होता. “लोकांत तुझा शब्द खाली पडला असता,” ती बोबडं बोलली. “म्हणून गप्प राहिले.”

म्हातारीनं आपल्या रुमालानं लेकीच्या हनुवटीवरची लाळ पुसली. आवाज तिनं सरळ ठेवला.

“वाईट वागलीस तू,” ती म्हणाली. “सगळ्या जगाशी भांडायला शिकवलं तुला. एकदा माझ्याशीही भांडायचं होतंस.”