तिसऱ्या खिडकीचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. परदेशी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखती होतात, तिथल्या तिसऱ्या खिडकीवर माझा मुक्काम असतो. खिडकीला जाड काच आहे. अलीकडे माणूस उभा राहतो, पलीकडे अधिकारी बसतात. काचेतून चेहरा दिसतो, पण आवाज जात नाही. तो पलीकडे पोहोचवणे हे माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईंनी माझ्या पोटात तारा जोडल्या आणि "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिले. माझ्या जन्माचे कौतुक तेवढ्यावरच आटोपले.

इथे आलो तेव्हा मात्र माझा थाट होता. "काय खणखणीत आवाज येतो!" असे अधिकारी म्हणायचे. मग सवय झाली आणि कौतुक संपले. लोक माझ्या तोंडावर खोकतात, बोटाने टकटक करतात, कोणी तर मलाच नमस्कार करतात. धूळ पुसायचे कोणाला सुचत नाही. मला बंद करायचे बटण पलीकडच्या बाजूला आहे. ते कधीचेच सैल झाले आहे. दाबले की परत वर येते. दुरुस्तीवाला आला, "चालू आहे ना? मग झालं तर!" म्हणाला आणि निघून गेला.

या खिडकीवर नवराबायकोच्या मुलाखती होतात; लग्न खरे आहे की नुसते व्हिसापुरते, ते तपासतात. पहिली भेट कुठे झाली, लग्नाला कोण आले होते, नवरा घोरतो का, असे प्रश्न असतात. माणसे सावधान उभी राहून आपला संसार सांगतात. मी त्यात पडत नाही. आवाज आला की पुढे ढकलायचा, एवढेच मला येते.

एकदा एक शिलाई मशीन दुरुस्त करणारा गृहस्थ आला. कडक इस्त्रीचा शर्ट, पण नखांत तेलाचा काळा डाग तसाच. त्याची बायको परदेशात एका वृद्धाश्रमात नोकरी करत होती. ती मुद्दाम रजा काढून आली होती आणि मागच्या बाकावर बसली होती. व्हिसा मिळाला तर तो तिच्याकडे जाणार होता. दोन वर्षे ती दोघे याच दिवसाची वाट पाहत होती.

त्याची उत्तरे अगदी तोंडपाठ होती. मग अधिकारी बाईंनी विचारले, "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि सासरे."

"बायको परदेशात, आणि तुम्ही सासऱ्यांकडे राहता?"

"ते माझ्याकडे असतात. त्यांचं डावं अंग लुळं पडलंय. आधी ही बघायची, आता मी बघतो."

"आणि तुम्ही गेल्यावर?"

पठ्ठ्या वळून मागच्या बाकाकडे पाहू लागला. बाईंना शंका आली. त्यांनी बायकोला खिडकीपाशी बोलावून तोच प्रश्न विचारला.

"बाबांना वृद्धाश्रमात ठेवणार आहोत," ती म्हणाली. "मी फोनवरून सगळं ठरवलंय."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. बाईंनी फाईल उचलली, माझे बटण दाबले आणि मागच्या कपाटाकडे गेल्या. बटण नेहमीप्रमाणे वर आले आणि मी चालूच राहिलो. या दोघांना वाटले, आता कोणी ऐकत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आलाच नसतास."

"अगं, त्यांचा डावा गाल बधिर आहे. दाढी करताना कापलं तरी त्यांना कळत नाही. फार जपून करावी लागते. तिथं कोण करणार एवढं?"

"मला शिकवू नकोस. माझे वडील आहेत ते."

"मग दोन वर्षांत एकदा तरी विचारलंस, त्यांची दाढी कोण करतं म्हणून?"

ती माझ्या इतकी जवळ उभी होती की तिचा श्वासही पलीकडे जात होता.

"मी तिथं रोज परक्यांच्या वडिलांची दाढी करते," ती म्हणाली. "तुला विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं नसतं मला."

त्याने फक्त तिचा हात धरला. मित्रांनो, मी यंत्र आहे, पण तेव्हा मलाही वाईट वाटले.

बाई कपाटापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. कपाट त्यांनी उघडलेच नव्हते. थोड्या वेळाने त्या परत येऊन बसल्या.

"तुमच्या लग्नाबद्दल मला शंका उरलेली नाही. व्हिसा मंजूर आहे."

लोक इथे उड्या मारतात, रडतात. ही दोघे तशीच उभी राहिली.

"लगेच जायलाच हवं का?" त्याने विचारले.

"व्हिसाला मुदत आहे. तोवर केव्हाही जा, किंवा जाऊ नका. ते मी कसं सांगणार?"

तो बायकोकडे वळला. "आधी घरी चल. बाबांना विचारू."

"काय विचारू?"

"त्यांना काय हवंय ते. आपण दोघांनीही त्यांना विचारलेलंच नाही."

ती दोघे गेली. पुढे काय ठरले, मला ठाऊक नाही. बाईंनी पुढचा नंबर पुकारला.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. कधीतरी फडके फिरवा, तोंडावर खोकू नका, एवढे केलेत तरी पुष्कळ. मी बिघडलो तर माझ्या जागी दुसरा येईल. पण घरातल्या माणसाला जे विचारायची तुम्हाला भीती वाटते, ते आजच विचारा. नाहीतर एक दिवस ते कोणी परके माणूस विचारेल, आणि उत्तर तुमच्याआधी मी ऐकेन.