तीन आला कुठून?

मी बाईंचा लाल पेन बोलतोय. संशय घेणं हा माझा धंदाच. शाळेसमोरच्या दुकानातून बाईंनी मला आणलं, तेव्हापासून दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझा जन्म गेला.

त्या दिवशी आम्ही बीजगणिताचे पेपर तपासत होतो. अंशात क्ष² − ९, छेदात क्ष² − ५क्ष + ६. संक्षिप्त रूप द्या, आणि क्षच्या कोणत्या किमती चालणार नाहीत ते लिहा. मुलींनी अवयव पाडले, वरखालचा (क्ष − ३) काटला, खाली उरलेला (क्ष − २) पाहिला आणि लिहून मोकळ्या झाल्या, "दोन चालत नाही."

फक्त दोघींनी लिहिलं, "दोन आणि तीन." एक वर्गाची मॉनिटर, पहिल्या नंबराची. दुसरी तिच्या मागच्या बाकावरची, जिला सगळ्या घुमी म्हणत.

"हिला तीन सुचला?" बाई पुटपुटल्या. "पुढच्या पेपरात डोकावली असणार."

मलाही ते पटलं. घुमीच्या उत्तरावर मी चांगला टपोरा भोपळा काढला. मॉनिटरचा तीन मात्र समासाला चिकटून, अंग चोरून बसला होता. मला जरा खटकलं. पण पहिल्या नंबराकडे वाकड्या नजरेने बघायची सवय ना बाईंना, ना मला.

मधल्या सुट्टीत दोघींना बोलावणं गेलं.

"तीन आला कुठून?" बाईंनी घुमीला दरडावलं.

"छेदातून, बाई."

"छेदात (क्ष − २) उरतो!"

"काटल्यावर उरतो. पण आधी (क्ष − ३) होताच की. क्ष तीन धरला तर मूळचा छेद शून्यच होतो. मी आधी खाली बघते, मग काटते."

बाई मॉनिटरकडे वळल्या. "आणि तू?"

"मी... खोडरबर मागायला मागे वळले होते. तेव्हा हिचा तीन दिसला."

बाईंनी मला उचललं. माझी शाई काही खोडता येत नाही. भोपळ्यावर आडवी रेघ, शेजारी पूर्ण गुण, आणि खाली दोन शब्द: "माझी चूक." घुमीने पेपर दोन्ही हातांनी घेतला. हसली नाही. दारात मात्र मॉनिटरला म्हणाली, "खोडरबर दे गं माझा."

आता माझी शाई सरत आलीय. लवकरच नवा पेन येईल, असाच तिखट नजरेचा. त्याला माझं एकच सांगणं: बाबा रे, भोपळा काढण्याआधी घटकाभर टोपण लावून बस. लेकराला निदान विचारून तरी बघ.