खोलीतून निघालेला धुरा

करडीच्या तेजराम आणि इश्वर या भावांची धानाची जमीन वाटायची ठरली. भांडण नव्हतं. विहिरीजवळ खुंटी ठोकायची, तिथून पश्चिमेच्या जुन्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, समांतर नवा धुरा घालायचा. दोन धुऱ्यांमधलं धाकट्या इश्वरचं, पलीकडचं, तिथल्या नव्या खोलीसकट, तेजरामचं. चार लोकांसमोर हे कबूल झालं.

इश्वरची तृप्ती अकरावीत होती. जुना धुरा सुरू होतो तो शेताचा कोपरा शून्य धरून तिनं टेपनं मापं घेतली. जुना धुरा तिरपा निघाला. पूर्वेला एक मीटर सरकलं की उत्तरेला दोन; म्हणजे y = 2x. समांतर रेषेचा चढ तोच, दोन. खुंटी (70, 20) वर. किमती घातल्यावर समीकरण आलं, y = 2x − 120. नव्या धुऱ्याचं उत्तरेचं टोक y = 80 वर होतं. तिथं x आला शंभर.

ती टेप घेऊन तिथं गेली आणि थिजलीच.

“बाबा, हे रेघ मोठेबाबाच्या नव्या खोलीतून जाते!”

“काहीतरीच! खुंटीपासून सरळ वर जाईन ना धुरा?”

“जुना तिरपा आहे, तर हाही तिरपाच जाईन.”

इश्वरनं भावाला हाक मारली. दोघांनी दोरी ताणली. दोरी थेट भिंतीला भिडली. आत तेजरामची सून महिन्याच्या लेकराला थोपटत होती.

तेजरामनं दोरी खाली टाकली. तो भिंतीला टेकून बसला. “इश्वर... खोली पाडा लागते का मले?”

दिलेला शब्द आणि समोरची भिंत, दोन्ही खरी होती. इश्वरनं लेकीला विचारलं, “रेघ इकडं सरकवली तं?”

“चढ तोच राहते बाबा. फक्त शेवटचा आकडा बदलते. चार मीटर सरकवली तं y = 2x − 112. खोली वाचते. पण तेवढी पट्टी आपली जाते.”

“जाऊ दे.”

“कायले?” तेजराम ओरडलाच. “तुह्या हिश्श्याची जमीन हाये ते!”

खुंटी उपटून इश्वरनं चार मीटर अलीकडं ठोकली. तेजराम तिथंच बसून डोळे फाडून पाहत राहिला.

इश्वरच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, हे दुपारी कळलं. “मले इचारलं बी नाही?” एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र धुऱ्यावर माती टाकायला घमेलं घेऊन त्याही आल्या.