नकाशेबाई

नातेवाईक तिला नकाशेबाई म्हणत. बायको ग्रंथालयात जुने नकाशे सांभाळते, असं नवऱ्यानं अकरा वर्षांपूर्वी कुणाला तरी ठोकून दिलं होतं, तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं काम वेगळं होतं. तळघरातल्या बिनखिडकीच्या, कुलूपबंद खोलीत ती देशोदेशीची शृंगाराची चित्रं आणि पुस्तकं जपायची. आयांनी सासरी निघालेल्या लेकींच्या हाती ठेवलेल्या चित्रगुंडाळ्या, जोडपी कोरलेले मातीचे दिवे, दूरदेशी गेलेल्या नवऱ्याला बिनदिक्कत बोलावणाऱ्या बायकांच्या कविता.

या वस्तूंवर तिचा जीव होता. जीव जायचा तो सूची करताना. कागदावर नको तो शब्द दिसता कामा नये, असा मुख्य ग्रंथपालांचा हुकूम होता. मग मिठीतल्या जोडप्याचं 'घरगुती दृश्य' व्हायचं, कवितांची 'ऋतुवर्णनं'. वीट येऊन तिनं तीनदा बदली मागितली. "तुमच्याशिवाय ती खोली घेणार कोण?" असं म्हणून साहेबांनी तिन्ही अर्ज परत केले. वर खोटं, खाली खोटं, घरी तर विचारूच नका.

त्यात लेकीचं लग्न ठरलं, आणि विहीणबाई निघाल्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका!

"मला तुमचे नकाशे बघायचेत हं," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या.

नकाशेबाईंनी आधी रंगकामाची सबब काढली, मग वाळवीची. पण एका दुपारी दारावर टकटक झाली. शिपाई असेल म्हणून कडी काढली, तर दारात विहीणबाई उभ्या.

"वरचा माणूस म्हणाला, नकाशे दुसऱ्या मजल्यावर, पण तुम्ही इथे बसता. असं का हो?"

टेबलावर एक गुंडाळी उलगडलेली होती. झाकायलाही वेळ मिळाला नाही. विहीणबाई चष्मा सावरत वाकल्या. लग्न मोडलं, पोरीचं वाटोळं झालं, एवढंच नकाशेबाईंच्या डोक्यात घुमत होतं.

"हे काय आहे?"

"आईनं मुलीला द्यायचं. तोंडानं सांगवत नाही ते."

विहीणबाई खुर्चीत बसल्या.

"माझ्या आईनं मला एकच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून गप्प पडून राहायचं. राहिले. चौतीस वर्षं." त्यांनी बोट न टेकवता चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावरून फिरवलं. "ही हसतेय हो."

मग त्यांनी सगळी कपाटं उघडायला लावली. कविता वाचून घेतल्या, एक तर दोनदा. निघताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याकडे यातलं अक्षर नको. यांना कळलं तर लग्न मोडतील. मी नकाशेच पाहिले." दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "मुलीला दाखवलंत का कधी?"

नकाशेबाई टेबलावरची गुंडाळी पुन्हा गुंडाळायला लागल्या.

त्या संध्याकाळी लेक सासरी न्यायची बॅग भरत होती. बाहेरच्या खोलीत नवऱ्याच्या बातम्या चालू होत्या. आईनं दार लोटलं आणि ती पलंगाच्या कडेवर बसली.

"काय गं? पैसे हवेत?" लेकीनं विचारलं.

"मी नकाशे सांभाळत नाही," आई म्हणाली.

मग ती अर्धा तास बोलली, चित्रातल्या त्या हसणाऱ्या बाईबद्दलही. अडखळत, मधेच चुकीचा शब्द वापरून, भिंतीकडे बघत. अकरा वर्षं चारचौघात चालतील असेच शब्द लिहिल्यामुळे खरे शब्द जिभेवर येतच नव्हते. लेक कानापर्यंत लाल झाली, पण उठली नाही. हातातल्या स्वेटरची तिनं पाच वेळा घडी घातली.

"पण आई," सगळं ऐकून तिनं हळूच विचारलं, "तू हसतेस का?"

बाहेर नवऱ्यानं बातम्यांचा आवाज वाढवला. आई त्या बंद दाराकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिनं स्वतःलाही नाही.