सात गाठी आणि एक डाग

मी एक कापडी पट्टा बोलतोय. वीतभर रुंद, कमरेला वेढा बसेल एवढा लांब. कधीकाळी पांढरा होतो. अंगावर लाल दोऱ्याच्या नऊशे त्र्याण्णव गाठी आहेत. हव्या होत्या हजार. मधोमध एक तपकिरी डाग आहे. हल्ली लोक त्या डागापुढे माना झुकवतात, आणि मला तोंड कुठे लपवू असं होतं.

लढाईच्या दिवसांत आमच्या गावचा मुलगा सैन्यात निघाला की त्याची आई असा पट्टा घेऊन रस्त्यात उभी राहायची. येणाऱ्याजाणाऱ्या बाईने एकेक गाठ मारायची. हजार जणींच्या हजार गाठी पोटावर बांधल्या की गोळी लागत नाही, अशी समजूत. आमच्याकडे बारा वर्षांच्या फेऱ्यात दर वर्षाला एकेका प्राण्याचं नाव असतं; त्यातल्या वाघाच्या वर्षी जन्मलेलीला मात्र वयाइतक्या गाठी मारायची मुभा. वाघ कितीही लांब गेला तरी घरी परततो ना!

आमची चिनो वाघाच्या वर्षाची. वय सात. आळीतल्या बायका "या वाघीणबाई" म्हणत तिला उचलून न्यायच्या आणि ती ऐटीत सुई धरायची. तिच्या दादाच्या, तोकुजीच्या, पट्ट्यावर म्हणजे माझ्यावर, शेवटच्या सात गाठींच्या जागा खुणा करून तिच्यासाठी राखून ठेवल्या होत्या.

तोकुजी निघायच्या आदल्या दुपारी आई शेजारी गेली होती. चिनोने मला मांडीवर घेतलं, तिचं कोपर लागलं आणि सोया सॉसची बरणी माझ्यावर लवंडली. टंचाईचे दिवस, घरात होता नव्हता तेवढा सॉस गेला. मार बसेल म्हणून तिने मला बाहुलीच्या पेटीत कोंबलं आणि आळ घातला मांजरावर.

सकाळी आईने घर पालथं घातलं. "इथंच ठेवला होता रे! इतकी कशी मी वेंधळी!"

तोकुजी हसला. "राहू दे गं आई. बांधायला पोट तरी कुठे उरलंय?"

तो गेला, आणि त्याचं जहाज बुडालं. आई पुढे एकतीस वर्षं जगली, स्वतःला वेंधळी म्हणत. चिनो ऐकायची. पेटीतून मीही ऐकायचो.

यंदा चिनो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना तिच्या सुनेने पेटी उघडली आणि कौतुकाने मला गावच्या नाटकमंडळींकडे नेऊन दिलं. नाटक लढाईच्या दिवसांवरच होतं. ते बसवणारे इनाबा सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं.

"हे रक्त आहे. तोकुजीचं! आणि या न मारलेल्या सात गाठी बघा. आईने मुद्दाम सोडल्यात. लढाईचा निषेध!"

नाटकात तोकुजीच्या आईचं काम करणारी कानाए एरवी पोस्टात बसते. तिने विचारलं, "पण सर, जहाज बुडालं तर पट्टा परत कसा आला?"

"आणला असेल कुणी मित्राने. नाटकात बसतंय ना? मग झालं."

प्रयोग रविवारी दुपारी झाला. चिनो काठी घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. शेवटच्या प्रवेशात कानाएने मला चेहऱ्याशी धरून हंबरडा फोडला. सभागृह रडत होतं. मी रक्ताचा थेंबही पाहिलेला नाही आणि हुतात्मा म्हणून मिरवत होतो. जमीन दुभंगली तर बरं, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात चिनो पायऱ्या चढून वर आली.

"आई, रक्त नाही गं ते. सोया सॉस आहे. मी सांडला. मीच लपवला होता पट्टा. मांजराचा काही दोष नव्हता, आणि तू वेंधळी नव्हतीस."

कानाएने गोंधळून आत पाहिलं. विंगेतून इनाबा सरांनी हाताने खूण केली, चालू दे. मग तिने चिनोला जवळ घेतलं.

"ठाऊक होतं गं मला, बाळा."

शहाऐंशी वर्षांची चिनो तिच्या कुशीत शिरली आणि टाळ्या थांबेनात.

नंतर लोक तिच्याभोवती जमले. "आजी, काय काम केलंत! सरांनी पत्ताच लागू दिला नाही!"

"अहो, ते खरंच..."

"हो ना, अगदी खरं वाटलं!"

इनाबा सर नुसते वाकून नमस्कार स्वीकारत राहिले.

आता मी ग्रामसभागृहात काचेच्या पेटीत आहे. खाली चिठ्ठी आहे, 'वीराच्या रक्ताने माखलेला पट्टा'. तुम्ही कधी आलात तर कुणाला तरी सांगून एवढी चिठ्ठी बदलून घ्या. चिनोशी मात्र काही बोलू नका. त्या दिवसापासून ती सुनेला आनंदाने सांगते, "आईला सगळं ठाऊक होतं बरं का! तिने कधीच माफ केलं होतं मला."

तिला तसं वाटतंय, वाटू दे. पण मी तिथेच होतो. आईच्या शेवटच्या दिवशी तिचं अंथरूण माझी पेटी ठेवलेल्या कपाटाला लागूनच होतं. "चिनो, त्या बाहुलीच्या पेटीत बघितलंस का गं कधी?" तिने विचारलं. चिनोने झाकण उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग झाकण लावलं आणि म्हणाली, "इथे नाहीये गं, आई."