ढग्याला वर नेताना

भर उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस अंश तापलेलं असताना, एक फ्रिज-एसी मेकॅनिक अंगात बायकोचा तपकिरी स्वेटर घालून आणि कानाला मफलर गुंडाळून गाडी चालवत होता. सिग्नलला शेजारी थांबलेले लोक वाकून बघत, हसत. एकाने तर कपाळाशी बोट नेऊन गोल फिरवलं. मेकॅनिकने ते पाहिलं आणि सोडून दिलं. हल्ली त्याला लोकांचं हसणं लागत नसे. खरं सांगायचं तर कशाचंच काही लागत नसे.

मागच्या सीटवर ढग्या होता. अठ्ठेचाळीस किलोचा कुत्रा, बर्फात गाडे ओढणाऱ्या मालाम्यूट जातीचा. ते नाव गल्लीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'मालमत्ता' म्हणत. त्यातही काही खोटं नव्हतं. त्या दोन खोल्यांत मूलबाळ नव्हतं, सोनंनाणं नव्हतं, होता तो हाच. आठ वर्षांपूर्वी बायको हे पिल्लू पदराखाली झाकून घेऊन आली तेव्हा मेकॅनिक कपाळाला हात लावून म्हणाला होता, "अगं, या भट्टीत हे जगायचं कसं?"

"तुमचा धंदा काय आहे?" ती म्हणाली. "गावभर लोकांची घरं गार करत हिंडता ना? मग आपल्या घरात एकाला गार ठेवा."

त्याचा धंदा खरोखरच तो होता. फ्रिज, एसी, डीप फ्रीझर. तीस वर्षं तो दुसऱ्यांचा गारवा दुरुस्त करत आला होता. मग घरातला एसीही सुरू झाला आणि प्रवासाची एक रीतही पडली. गाडीत एसी पूर्ण सोडायचा, ढग्या मागे, त्याला सोबत म्हणून बायकोही मागेच, आणि ती भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायची. पुढे मेकॅनिक एकटा. "राणीसाहेब, कुठे घेऊ गाडी?" असं तो विचारायचा आणि ती म्हणायची, "ड्रायव्हरने पुढे बघावं."

चार महिन्यांपूर्वी ती अकरा दिवसांच्या तापाने गेली. सगळ्यांना फोन त्यानेच केले, एका आवाजात, गिऱ्हाइकाला कॉम्प्रेसर गेल्याचं सांगावं तसे. नातेवाईक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, बधीर होता. पाचव्या दिवशी तो कुणाचा तरी फ्रीझर उघडून बसला होता, आणि गॅस भरताना हात आपोआप चालतात हे पाहून त्याला बरंही वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तुम्ही दिवसभर बाहेर असता. लाइट गेली आणि एसी बंद पडला, तर हा एका दुपारीत जाईल. याला थंड जागी पाठवा." थंड जागी कोण होतं? वर डोंगरातल्या गावात बायकोची थोरली बहीण होती, ताई. लोकरीचं दुकान चालवायची, एकटीच राहायची. फोनवर ती लगेच म्हणाली, "आणा त्याला. तिचा जीव होता त्याच्यावर."

एक गोष्ट मात्र मेकॅनिकने ताईला सांगितली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी त्याने ढग्याचे केस कापून आणले होते. नुसते कमी केले नव्हते, साफ भादरले होते. कुत्र्यांचे केस कापणारा माणूस मशीन हातात घेऊन थांबला होता. "साहेब, या जातीचे काढत नाहीत. आतली लोकर ऊन आणि थंडी दोन्ही अडवते. एकदा काढली की परत नीट येईलच असं नाही."

"मी गारव्याचाच माणूस आहे," मेकॅनिक म्हणाला. "मला शिकवू नका. उकडतंय त्याला."

आता हाच माणूस गेली तीस वर्षं गिऱ्हाइकांवर डाफरत आला होता. एसीच्या गार पाइपवर काळ्या फोमचं वेष्टण असतं; रंगारी येतात आणि ते उपटून टाकतात. "अहो, हा त्याचा कोट आहे! कोट काढला की पाइप मेला!" असं तो ओरडायचा. आणि आपल्या हाताने आपल्याच कुत्र्याचा कोट काढून आणला. गल्लीत सगळ्यांनी विचारलं, सगळ्यांना त्याने एकच उत्तर दिलं. उकाडा.

तर पहाटे निघालेली गाडी अकरा वाजेपर्यंत निम्मा रस्ता तोडून आली होती. मेकॅनिकने तयारी चोख केली होती. एसीत नवा गॅस, मागच्या सीटकडे वारा फेकायला एक जादा पंखा, आणि सीटच्या पाठीला लावलेला थर्मामीटर, ज्याचा आकडा पुढे दिसायचा. चौदा. त्याने दर दहा मिनिटांनी आकडा पाहिला. चौदा म्हणजे चौदा, इकडचा तिकडे नाही. काम चांगलं झालं होतं.

ढग्याला त्याने एकदाही पाहिलं नाही. मागचं दाखवणारा आरसा त्याने निघतानाच छताकडे वळवून ठेवला होता. आरशात ढग्या दिसला असता आणि ढग्याच्या बाजूची तिची जागाही दिसली असती. बाजूच्या दोन आरशांवर गाडी चालते. हाताची बोटं गारठून स्टीअरिंगवर लाकडासारखी झाली होती, तरी त्याने पंखा कमी केला नाही.

घाट सुरू होण्याआधी एक पेट्रोल पंप होता आणि त्याला लागून चहाची टपरी. त्याने सावलीत गाडी लावली, इंजिन आणि एसी चालूच ठेवला, आणि चहा घेतला. टपरीवाली बाई त्याचा स्वेटर बघत होती; मग ती गाडीच्या काचेशी जाऊन वाकली.

"दादा, तुमचं कुत्रं आजारी आहे का?"

"नाही."

"थरथरतंय ते."

"इंजिन चालू आहे ना, त्यानं हलतंय," मेकॅनिक म्हणाला.

"मग सीट का नाही हलत?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि मागचं दार उघडलं. ढग्या सीटच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून पडला होता, नाक मांडीत खुपसून, आणि त्याची गुलाबी, भादरलेली कातडी एकसारखी थरथरत होती. कान बर्फासारखे. पंख्याचा वारा थेट त्याच्या पाठीवर येत होता. पाच तास. त्याने हूं की चूं केलं नव्हतं. सीटच्या दुसऱ्या बाजूला भरपूर जागा होती, तिथे वारा लागला नसता. पण ती तिची जागा होती आणि ढग्या तिथे सरकला नव्हता.

मेकॅनिक उभाच राहिला. थर्मामीटर चौदा दाखवत होता.

"अहो, बघताय काय?" बाई म्हणाली. "काढा की त्याला बाहेर! माणसं उन्हानं मरतायत आणि हे बिचारं गारठून चाललंय."

त्याने इंजिन बंद केलं. ढग्याला उचलून, म्हणजे अर्धा उचलून अर्धा ओढून, सावलीत आणलं, बाईने एक पोतं दिलं त्यावर बसवलं आणि दोन्ही हातांनी त्याचं अंग चोळलं. मग अंगातला तपकिरी स्वेटर काढला आणि ढग्याला घातला. पुढचे पाय बाह्यांत, मान गळ्यात. कुत्र्याला स्वेटर तंग झाला. ढग्याने बाहीचा वास घेतला, मग दुसऱ्या बाहीचा घेतला, आणि मान वर करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणीतरी यायचं राहिलं आहे तसं.

"कुणाची वाट बघतोय?" बाईने विचारलं.

"कुणाची नाही," मेकॅनिक म्हणाला. चहाचे पैसे देऊन तो निघाला.

घाटात त्याने काचा उघड्या टाकल्या. वळणागणिक हवा निवत गेली. पाच वाजता ते वर पोहोचले तेव्हा तिथे मफलर घेतलेली माणसं हिंडत होती आणि तिथे मेकॅनिककडे बघून कुणी हसलं नाही. ढग्याकडे बघून मात्र सगळे थांबले.

ताई दुकानाच्या पायरीवर उभी होती. साठीची, ठेंगणी, गळ्यात चष्मा. "या जावईबापू," ती म्हणाली; तीस वर्षं ती त्याला चिडवायला हेच म्हणत आली होती. मग ढग्या गाडीतून उतरला, धाकट्या बहिणीचा स्वेटर घालून. तिने खाली बसून स्वेटर वर केला.

"हे कुणी केलं?"

"उकडत होतं त्याला."

ताई जन्मभर लोकरीत वावरलेली. तिने आपला हात त्या खुंटांवरून उलटा फिरवला, सुलटा फिरवला. "वर्ष लागेल. दीड वर्ष. आणि तेही कुणी रोज हात फिरवला तर. जावईबापू, इथे उन्हाळ्यातही रात्री हाडं गारठतात, थंडीत तर पाणी गोठतं. असा उघडा हा इथे राहील कसा? मी दिवसभर दुकानात. ठेवू कशी मी याला?"

"खाली ठेवला तर उन्हाने जाईल," मेकॅनिक म्हणाला.

"आणि इथे थंडीने. दोन्हीकडचे दोर कापलेत तुम्ही."

हे ती रागाने म्हणाली नाही. तो म्हणाला, "खोलीत हीटर असेल ना?"

"आहे. दोन वर्षं बंद आहे. इथे दुरुस्त करणारा मिळतोय कुठे?"

निदान हे काम त्याच्या हातातलं होतं. त्याने गाडीतून हत्यारांची पिशवी आणली, आत हीटरपुढे मांडी घातली आणि पिशवी उघडली. पाने, पक्कड, टेस्टर काढून एकेक जमिनीवर मांडलं. ढग्या दारात उभा होता. तो आत आला, पिशवीत तोंड घातलं, आणि तळाशी चिंध्यांखाली लपवलेला ब्रश दातांत धरून बाहेर काढला. लाकडी मुठीचा, तारांचा, मुठीवर दातांच्या खुणा असलेला. मेकॅनिकच्या समोर येऊन तो ब्रश घेऊन उभा राहिला.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते.

ताईने ब्रशकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "हा हत्यारांत काय करतोय?"

मेकॅनिकने हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, ती रोज सहाला त्याला विंचरायची. ती गेल्यावर हा रोज सहाला ब्रश घेऊन माझ्यापुढे यायचा. रोज. मी ब्रश कपाटावर ठेवला, तर कपाटाखाली बसून राहायचा. तीन महिने बघितलं मी." त्याचा आवाज अजूनही फोनवरचाच होता. "मला वाटलं, केसच नसले तर मागणार नाही. उकाडा वगैरे काही नाही. मला बघवत नव्हतं."

ढग्या ब्रश धरून उभाच होता. त्याचे पुढचे पाय थकल्याने वाकत होते.

मेकॅनिकने ब्रश घेतला. तारा टोचल्या असत्या म्हणून आधी तो आपल्या तळहातावर दाबून पाहिला, मग ढग्याचा स्वेटर मानेपर्यंत गुंडाळला, ब्रश उलटा धरला आणि लाकडी पाठीने, अगदी हलक्या हाताने, मानेपासून शेपटीपर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला. खुंट त्याच्या बोटांना लागत होते. बोटं आता ऊब धरून दुखायला लागली होती.

सगळ्यांना त्याने सांगितलं होतं. नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना, गॅसच्या दुकानदाराला. एकालाच सांगायचं राहिलं होतं.

"ढग्या," तो म्हणाला, "ती नाही रे आता. मीच आहे." आणि तो आवाज फुटला, चार महिने जपून ठेवलेला. तो कुत्र्याच्या स्वेटरात तोंड घालून रडला, मोठ्याने, कोसळल्यासारखा, आणि ताईने दुकानाचं दार लोटून घेतलं.

रडणं ओसरल्यावर तो नाक पुसत म्हणाला, "इथे फ्रिज किती असतील गावात?"

"इथे फ्रिज कुणाला हवाय, जावईबापू?" ताई डोळे पुसत म्हणाली. "हीटर मात्र घरोघरी मेलेत. दीड वर्ष पुरतील."

ढग्या जागच्या जागी वळला आणि दुसरी कूस पुढे करून बसला. एक बाजू झाली की दुसरी द्यायची, हे तिने त्याला शिकवलं होतं. मेकॅनिकने ब्रश पुन्हा मानेपाशी ठेवला.